शोकाची जात

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्रात एका संशोधक विद्यार्थिनीने ‘पोकेमॉन’ या जपानी व्हिडिओ गेममालिकेतील क्यूबोन नावाच्या प्राण्यावर निबंध वाचला. निबंध कच्चा होता, हे मान्य करायला हवे. परंतु त्यावर झालेली चर्चा निबंधाहून कच्ची होती, आणि तिची जबाबदारी त्या विद्यार्थिनीवर टाकता येत नाही. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी, हा खेळण्यांच्या बाजाराचा विषय असून साहित्यविचाराच्या व्यासपीठावर त्याला जागा नाही, असे सांगून तो निकालात काढला. त्यांच्यानंतर उठलेल्या एका तरुण प्राध्यापकांनी, आपण नव्या सिद्धान्तनाच्या बाजूने उभे आहोत अशा आविर्भावात, क्यूबोनच्या कथेतले ‘कोडे’ चाहत्यांनी कसे सोडवले आहे ते पंधरा मिनिटे समजावून दिले. सभागृहाला वाटले, येथे दोन पक्षांचा वाद झाला. प्रस्तुत लेखिकेच्या मते तेथे वाद झालाच नाही. संहिता दोघांनीही वाचली नव्हती. एकाने ती न उघडताच बाजूला सारली. दुसऱ्याने उघडल्या उघडल्या तिची डागडुजी सुरू केली.

प्रथम संहिता काय आहे ते पाहू. सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून आणि गेम फ्रीक या त्यांच्या संस्थेत हा खेळ घडला व फेब्रुवारी १९९६ मध्ये निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. ताजिरींना लहानपणी कीटक गोळा करण्याचा नाद होता आणि खेळाचे बीज त्या नादात आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. खेळणाऱ्याने रानोमाळ हिंडावे, भेटेल त्या प्राण्याशी आपले प्राणी झुंजवावेत, तो दुबळा झाला की चेंडूत बंद करावा, आणि दीडशे प्रकारांची एक नोंदवही पुरी करावी. या वहीला पोकेडेक्स म्हणतात. प्राणी नुसता दिसला तर वहीत त्याचे नाव आणि चित्र उमटते. वर्णन मात्र तो ताब्यात आल्यावरच वाचायला मिळते. ही बाब आपल्या दोन्ही वक्त्यांनी विचारात घेतली असती तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

क्यूबोन हा या वहीतील १०४ वा प्रकार. लहानखुरा, तपकिरी, हातात एक हाड, आणि डोक्यावर कवटी. ही कवटी त्याच्या मेलेल्या आईची आहे. त्याचे जपानी नाव ‘काराकारा’. सुक्या, कडक वस्तू एकमेकींवर आपटल्याचा तो आवाज. त्याची पुढची, वाढलेली अवस्था ‘गारागारा’. तोच ध्वनी, पण घोषवर्णाने जड झालेला. शिवाय तान्ह्या मुलाच्या खुळखुळ्यालाही जपानीत हाच शब्द आहे. ‘कडकड’ आणि ‘गडगड’ यांतील अंतर ज्यांना कोशात पाहावे लागत नाही, त्या मराठी वाचकांना या नामकरणातील मर्म समजावून सांगायची गरज नसावी. इंग्रजी भाषांतरकारांनी ‘क्यूबोन’मध्ये पिलू आणि हाड यांची, तर ‘मॅरोवॅक’मध्ये मज्जा आणि फटका यांची सांगड घातली. शब्द चतुर आहेत; पण नाद गेला, शरीर आणि हत्यार तेवढे उरले. आईच्या कवटीत घुमणारा आवाज आणि बाळाच्या हातातला खुळखुळा एकाच शब्दात ऐकू येणे, ही जर साहित्यविचाराची सामग्री नसेल, तर आपण शैलीविज्ञानाच्या तासाला नेमके काय शिकवतो, असा प्रश्न अध्यक्षमहोदयांना विचारावासा वाटतो.

आता कथाभाग. लॅव्हेंडर टाउन या गावात मृत पोकेमॉनांच्या थडग्यांचा एक उंच मनोरा आहे. गावातल्या एका घरात अनाथ पोकेमॉन सांभाळले जातात. तेथे एक क्यूबोन आहे, आणि टीम रॉकेट या टोळीच्या तावडीतून निसटण्याच्या प्रयत्नात त्याची आई मारली गेली, असे तेथे कळते. मनोऱ्यात वर जाणारी वाट एक भूत अडवून उभे असते. सिल्फ स्कोप नावाचे उपकरण जवळ असेल तर त्या भुताची ओळख पटते: ते त्या मातेचे, मॅरोवॅकचे आहे. तिच्यावर चेंडू टाकला तर ती तो चुकवते. जेथे सारी सृष्टी पकडली जाण्यासाठीच मांडलेली आहे, तेथे ही एक पकडली जात नाही. तिच्याशी लढावे लागते, कारण या खेळात खेळणाऱ्याच्या हाती लढणे हेच मुख्य क्रियापद आहे. हरल्यावर तिचा आत्मा शांत होतो आणि निघून जातो. त्याच मनोऱ्याच्या मजल्यांवर रानटी क्यूबोन भेटतात आणि ते खुशाल पकडता येतात.

पहिल्या आवृत्त्यांत याहून विलक्षण अशी एक फट राहून गेली आहे. सेलाडॉन शहराच्या दुकानात एक बाहुली विकत मिळते. रानटी प्राण्याचे लक्ष वेधून लढाईतून पळ काढण्यासाठी तिचा उपयोग. ही बाहुली या भुतापुढे टाकली, तर आपण तिला हरवले असेच खेळ धरून चालतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे ती कोण होती हे कळल्याखेरीजही, तिच्यापुढे एक बाहुली फेकून, वर जाता येते. हा आज्ञावलीतील दोष आहे, रचनाकारांचा हेतू नव्हे. तरीही आपल्या ‘गंभीर’ समीक्षेने लोकप्रिय संहितांशी आजवर जो व्यवहार केला, त्याचे इतके नेमके चित्र शोधून सापडले नसते.

येथपर्यंतची कथा एका क्यूबोनची आहे. एक आई, एक हत्या, एक पिलू. इंग्रजी आवृत्त्यांपुरते बोलायचे तर १९९८ च्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’मधील नोंद आईविषयी काहीच सांगत नाही, हा प्राणी कवटी कधी काढत नसल्याने त्याचा खरा चेहरा कोणी पाहिलेला नाही, एवढेच सांगते. त्यानंतरच्या ‘यलो’मध्ये नोंद बदलते. आता कवटी मृत मातेची होते आणि रडण्याचा आवाज तिच्यात घुमून करुण सूर होऊन बाहेर पडतो. वाचकांनी येथे थांबावे. लॅव्हेंडर टाउनमध्ये जी घटना होती, ती वहीत लक्षण झाली. ‘त्याची आई मारली गेली’ हे भूतकाळातील, कर्ता असलेले, म्हणून गुन्हेगार असलेले वाक्य होते. ‘तो मृत मातेची कवटी घालतो’ हे रीतिवर्तमानातील वाक्य आहे. त्यात टीम रॉकेट नाही, पळण्याचा प्रयत्न नाही, मनोरा नाही. आई तर आहे, पण ती कोणाचीच विशिष्ट आई नाही. वाघाला पट्टे असतात तशी क्यूबोनला मेलेली आई असते.

या वाक्यरचनेशी आपली ओळख जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत जातिजमातींची वर्णने याच काळात आणि याच वचनात केलेली आहेत: ते असे राहतात, असे खातात, असे नेसतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच वाक्यरचना दंडशास्त्रात नेली आणि काहींनी केलेले, किंवा न केलेले, कृत्य संपूर्ण जमातीचा जन्मजात गुणधर्म ठरवले. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. खेळातले पिलू आणि इतिहासातला माणूस यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. बरोबरी वाक्यांची आहे. आणि इंग्रजीत जेथे दोन शब्द लागतात तेथे मराठीला ‘जात’ हा एकच शब्द पुरतो, हे आपल्या भाषेने आपल्याला दिलेले एक जळजळीत साहाय्य आहे.

यावर काव्यशास्त्र जाणणारा वाचक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप अध्यक्षांच्या आक्षेपापेक्षा पुष्कळ मोलाचा आहे. तो म्हणेल, विशिष्ट शोकाचे सामान्य शोकात रूपांतर होणे, हीच तर रसप्रक्रिया. भट्टनायकाने साधारणीकरण म्हटले ते हेच. भवभूती करुणाला साऱ्या रसांचे मूळ मानतो तेही याच बळावर. मग वहीने वेगळे काय केले? फरक मूलभूत आहे. साधारणीकरणात भाव व्यक्तीच्या स्वामित्वातून मोकळा होतो. तो ना रामाचा उरतो ना माझा, आणि म्हणूनच सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. वहीच्या वाक्यात भाव मोकळा होत नाही. तो एका व्यक्तीकडून सुटून एका जातीच्या गळ्यात अडकतो. तो ‘त्यांचा’ होतो. पहिल्या प्रक्रियेत प्रेक्षक आत ओढला जातो. दुसरीत त्याला बाहेर उभे राहून नोंद करण्याची मुभा मिळते. याला साधारणीकरण म्हणणे ही भट्टनायकाची विटंबना आहे. याला ‘जातीकरण’ म्हणावे, आणि आपल्या समीक्षेत ते अन्यत्र कोठे कोठे चालते याचाही कधीतरी शोध घ्यावा. आत्मकथनाला ‘प्रातिनिधिक’ म्हणून गौरवण्याची जी सवय आपल्याला लागलेली आहे, तिच्यापासून आरंभ करायला हरकत नाही.

आता त्या तरुण प्राध्यापकांकडे वळू. त्यांनी सांगितलेला सिद्धान्त चाहत्यांमध्ये प्रसिद्ध आहे. ११५ व्या क्रमांकाची कँगसखान ही पोटाच्या पिशवीत पिलू बाळगणारी मादी आहे. हे पिलू बिनकवटीच्या क्यूबोनसारखे दिसते. तेव्हा कँगसखान मेली की तिचे पिलू तिची कवटी घालून क्यूबोन होते, असा हा तर्क. त्यासाठी वोल्फगांग ईझर यांच्या ‘रिक्त जागां’चा आधार घेतला गेला. ईझर यांना अभिप्रेत असलेली रिक्त जागा वाचकाच्या कल्पनेला कामाला लावते. येथे मात्र जे आहे ते रिक्त जागा नसून विसंगती आहे, आणि विसंगती बुजवायची नसते. लेडी मॅकबेथला मुले किती होती, असा उपहासगर्भ प्रश्न शीर्षकात मांडून एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये ब्रॅडलेप्रणीत पात्रसमीक्षेची जी हजेरी घेतली, ती आपल्या अभ्यासक्रमांत नेमली जाते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. शिवाय या तर्काने साधते काय? आईची हत्या पुन्हा एकदा पुसली जाते. मृत्यू हा जातीच्या वाढीचा एक टप्पा होतो, सुरवंटाने कोश सोडावा तसा. वहीने शोकाचे लक्षण केले होते. या चतुर वाचकांनी त्या लक्षणाला जीवशास्त्रही पुरवले. वहीचे अपुरे राहिलेले काम त्यांनी विनावेतन पुरे केले.

विसंगती खरी कोठे आहे ते पाहावे. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’पासून खेळात प्राण्यांची पैदास करता येते. मॅरोवॅक मादीला पाळणाघरात ठेवले की अंडे मिळते आणि त्यातून क्यूबोन निघतो. अंड्यातून बाहेर येताना त्याच्या डोक्यावर कवटी असतेच. आई जिवंत आहे, बहुधा त्याच खेळणाऱ्याच्या चेंडूत आहे, आणि पिलू तिची कवटी घालून जन्माला आले आहे. याच पिढीतील ‘क्रिस्टल’ची नोंद तर जन्मानंतर त्याने आई गमावल्याचे शांतपणे सांगत राहते. चाहत्यांना ही चूक वाटते, अध्यक्षांना ती बालिशपणाची खूण वाटली असती. प्रस्तुत लेखिकेला तो संहितेतील सर्वांत सत्य क्षण वाटतो. शोकाला जातीचा गुणधर्म केले की तो असाच वंशपरंपरेने, शोक करण्याचे कारण घडण्याआधीच, डोक्यावर येऊन बसतो. खेळाची नियमव्यवस्था नकळत आपल्याच वहीला उघडी पाडते.

‘नियम तेवढा खरा, कथा हे वेष्टन’ असे मानणाऱ्या खेळाभ्यासकांनाही म्हणून येथे फार आनंदून जाता येणार नाही. एस्पेन ऑर्सेथ यांचा ‘सायबरटेक्स्ट’ हा ग्रंथ १९९७ मधला, आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकाने ही भूमिका लढाऊपणे मांडली, त्यालाही आता बराच काळ लोटला. तिचा उपयोग होता. खेळाला कादंबरी समजून वाचण्याची घाई तिने रोखली. परंतु क्यूबोन २८ व्या पातळीला मॅरोवॅक होतो हा नियम आहे, आणि आईच्या वियोगाचे दुःख ज्याने जिंकले तो मॅरोवॅक, असे २००२ च्या ‘रुबी’मधील नोंद सांगते. २८ हा आकडा त्यानंतर निव्वळ आकडा राहत नाही. तो सुतकाची मुदत होतो. आणि ती मुदत संपते लढाया जिंकून. रडून नव्हे, कोणी जवळ घेतल्याने नव्हे. शोकाने कार्यक्षम व्हावे ही अपेक्षा कोणत्या अर्थव्यवस्थेची आहे, ते येथे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थिनीच्या निबंधातील एक निरीक्षण मात्र चर्चेत पूर्णपणे दुर्लक्षित राहिले, आणि या लेखाचे निमित्त खरे तर तेच आहे. पकडलेल्या प्रत्येक प्राण्याला खेळणाऱ्याने स्वतःचे नाव ठेवावे, अशी सोय पहिल्यापासून आहे; पहिल्या इंग्रजी आवृत्त्यांत त्यासाठी दहा अक्षरे मिळत. हे नाव लढाईत पुकारले जाते, यादीत दिसते. वहीत ते कधीच जात नाही. तेथे १०४ हा क्रमांक आणि जातीचे नाव एवढेच राहते. आपण मनोऱ्यात पकडलेल्या पहिल्या क्यूबोनला लहानपणी काय नाव ठेवले होते, ते तिने एका तळटीपेत दिले होते. वेळेअभावी तळटीपा वाचू नयेत, अशी सूचना तिला व्यासपीठावरून करण्यात आली.