सर्व्हिसचा दिवा लागेल तेव्हा बघू? धंद्याच्या गाडीला हे परवडत नाही!



धंद्यासाठी पहिली गाडी घेणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "सर, आता गाड्या स्मार्ट झाल्यात. ऑइल बदलायचं झालं की गाडी स्वतःच सांगते." मग ती गाडी छोटा हत्ती असो, ईको असो, नाहीतर टॅक्सी पासिंगची सेडान. गाडी सांगेल, मग आपण जाऊ.

माझं मत स्पष्ट आहे. घरची गाडी असेल तर हे बऱ्यापैकी चालतं. पण ज्या गाडीवर तुमचा हप्ता आणि घरखर्च चालतो, ती गाडी फक्त त्या दिव्याच्या भरवशावर सोडणं म्हणजे गल्ल्याची चावी अनोळखी माणसाकडे देण्यासारखं आहे. का, ते आज नीट समजून घेऊ. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सावकाश लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा.

दिवा नेमकं काय मोजतो?

पहिली गोष्ट. बहुतेक गाड्यांत हा दिवा इंजिनातलं ऑइल तपासत नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

रिमाइंडर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला साधा. मागच्या सर्व्हिसपासून किती किलोमीटर झाले आणि किती दिवस गेले, एवढंच तो मोजतो. 10,000 किमी किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते. आकडा भरला की स्क्रीनवर पाना दिसतो किंवा "सर्व्हिस ड्यू" येतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हाच प्रकार आहे. म्हणजे ते एक कॅलेंडर आहे. कॅलेंडरला तुमची तब्येत कळत नाही.

दुसरा प्रकार जरा हुशार. 1988 साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या काही मॉडेल्समध्ये "ऑइल लाइफ" दाखवणारी सिस्टम आणली. इंजिन किती फेरे फिरलं, किती तापमानात चाललं, थंड असताना किती वेळा सुरू झालं, यावरून कॉम्प्युटर हिशेब करतो आणि ऑइलचं किती टक्के आयुष्य उरलं ते दाखवतो. होंडाची "मेंटेनन्स माइंडर" ही अशीच. तिथल्या गाड्यांत 15 टक्के उरले की आठवण, 5 टक्क्यांवर "आता करा", आणि 0 झालं की "वेळ टळून गेली". शिवाय सोबत कोड येतो. ए म्हणजे फक्त ऑइल, बी म्हणजे ऑइल, फिल्टर आणि तपासण्या. 1 आला तर टायर फिरवून घ्या, 2 आला तर एअर फिल्टर, 3 आला तर गिअरबॉक्सचं ऑइल.

चांगली पद्धत आहे, नाही कोण म्हणतं? पण इथेसुद्धा तो अंदाजच असतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल भरलंय आणि ते योग्य पातळीवर आहे, असं कॉम्प्युटर धरून चालतो. तुम्ही स्वस्तातलं डब्यातलं ऑइल भरलं असेल, तर त्या बिचाऱ्याला काय कळणार?

धंद्याची गाडी वेगळी का?

आता कळीचा मुद्दा. किलोमीटर मोजणाऱ्या काउंटरला उभी गाडी दिसत नाही.

तुमची डिलिव्हरीची गाडी दिवसभर काय करते? माल भरताना इंजिन सुरू. सिग्नलला सुरू. गिऱ्हाईक दार उघडेपर्यंत सुरू. चाकं थांबलेली, पण इंजिन चालूच, ऑइल कामावरच. फ्लीट सांभाळणारे एक ठोकताळा वापरतात: 1 तास आयडलिंग म्हणजे साधारण 40 किमी चालल्यासारखं. ढोबळ आहे, पण डोळे उघडायला पुरेसा आहे.

गणित करू. समजा तुमची गाडी दिवसाला 60 किमी चालते, महिन्याला 26 दिवस. झाले 1,560 किमी. रोज 2 तास इंजिन उभ्या-उभ्या सुरू. म्हणजे महिन्याला 52 तास, गुणिले 40, झाले 2,080 किमी. बेरीज 3,640. या हिशेबाने इंजिनाचं 10,000 किमीचं काम पावणेतीन महिन्यांत होतं. त्या वेळी मीटरवर फक्त 4,300 च्या आसपास वाढलेले असतात. दिवा? तो अजून साडेतीन महिने गप्प.

हे मी नवीन काही सांगत नाहीये. गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल काढा. त्यात खडतर वापरासाठी बहुधा वेगळा तक्ता असतो. धूळ, जड माल, सततचं थांबणं-सुरू होणं, लहान-लहान ट्रिप, अशा वापरात ऑइल लवकर बदला, असं कंपनीच सांगते. आपण ते पुस्तक प्लास्टिकसकट ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो, ही गोष्ट वेगळी.

लहान ट्रिपचं कारणही समजून घ्या. इंजिन थंड असताना थोडं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते. गाडी हायवेवर तासभर चालली की ऑइल चांगलं तापतं आणि ते उडून जातं. दोन-दोन किलोमीटरवर बंद होणाऱ्या गाडीत ते आतच साचतं आणि ऑइल हळूहळू निकामी होतं.

बीएस-6 डिझेलवाल्यांनी हे जरूर वाचा

1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 लागू झालं. बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला, डीपीएफ. साचलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिनं जास्तीचं डिझेल सोडतात. गाडी कायम गावातच फिरत असेल तर ही प्रक्रिया मध्येच तुटते, आणि त्यातलं थोडं डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. मग डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसते.

"वा, गाडी ऑइल खातच नाही!" म्हणून खूश होऊ नका. ऑइल पातळ होतंय. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, डिझेलचा वास येत असेल, तर लगेच सर्व्हिस सेंटरला दाखवा. या गाड्यांना ऑइलही कमी राख करणारं, त्याच ग्रेडचं लागतं. जुन्या टेम्पोचं ऑइल यात ओतू नका.

सीएनजीवाल्यांसाठी एक ओळ. सीएनजीवर ऑइल लवकर काळं पडत नाही, म्हणून ते चांगलंच आहे असं नसतं. रंग बघून ऑइल बदलायचं ठरवू नका.

दोन दिव्यांत गल्लत नको

पिवळा किंवा पांढरा पाना दिसला, तर सर्व्हिसची वेळ झाली. भाडं पूर्ण करा, वेळ घ्या, जा.

लाल रंगाची तेलाची चिमणी दिसली, तर ऑइलचं *प्रेशर* गेलंय. इथे "पुढच्या चौकात बघू" नाही. गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पातळी तपासा, मेकॅनिकला बोलवा, गरज पडली तर टोइंग करा. प्रेशर नसताना चालवलेले काही किलोमीटर अख्खं इंजिन जाम करू शकतात. ड्रायव्हर ठेवला असेल तर पहिल्या दिवशी त्याला हा फरक दाखवा. आणि स्पष्ट सांगा, "लाल दिवा लागला आणि तू गाडी थांबवलीस, तर भाडं बुडालं म्हणून मी एक शब्द बोलणार नाही." ही हमी दिली नाहीत, तर तो तुमच्या भीतीने गाडी दामटत आणेल.

पैशाचं गणित

समजा ऑइल आणि फिल्टरचा खर्च 3,000 रुपये, आणि तुम्ही दर 5,000 किमीला बदलता. किलोमीटरला पडले 60 पैसे. रोजच्या 60 किमीला 36 रुपये. दोन-तीन कटिंग चहाचे पैसे!

उलट बाजू. समजा इंजिनाचं काम निघालं 40,000 रुपयांचं, आणि गाडी 8 दिवस उभी. रोजचे 1,500 रुपये धरले तर 12,000 बुडाले. एकूण 52,000. एवढ्या पैशात 17 वेळा ऑइल बदललं असतं, म्हणजे 85,000 किमी. तुमच्या वापराला साडेचार वर्षं. शिवाय त्या 8 दिवसांत तुमचं बांधलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या टेम्पोत माल भरायला लागतं. ते परत आणायचा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

म्हणून रोज 40 रुपये वेगळे काढा. डबा करा, नाहीतर वेगळं खातं. हा तुमचा नफा नाही, हा गाडीचा पगार आहे.

मग दर 3,000 ला ऑइल बदलायचं का?

नाही! हेही तितकंच ठामपणे सांगतो. नवीन सिंथेटिक ऑइलं चांगली आहेत. एखाद्याची गाडी रोज पुणे-सातारा हायवेने जात असेल, माल हलका असेल, तर कंपनीचा आकडा पाळला की पुरे. भीतीपोटी दुप्पट वेळा ऑइल बदलणं हासुद्धा धंद्यातला तोटाच. वापर बघा, मॅन्युअलमधला योग्य तक्ता निवडा आणि तो पाळा.

गॅरेज किंवा ऑइल सर्व्हिसचा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी

तुमच्यातले काही जण गॅरेज काढायच्या तयारीत आहेत. तुमच्यासाठी या विषयात खरी संधी आहे.

बऱ्याच गाड्यांत बटण दाबून अर्ध्या मिनिटात रिमाइंडर रीसेट होतो. ऑइल न बदलताही होतो! म्हणूनच जुनी गाडी घेणाऱ्याने "सर्व्हिसला अजून 9,000 किमी बाकी" हे बघून भुलू नये. बिलं मागावीत, डिपस्टिक काढून बघावी. आणि म्हणूनच जो गॅरेजवाला विश्वास देईल, त्याच्याकडे माणसं परत येतील. साध्या गोष्टी आहेत:

- ऑइल गिऱ्हाइकासमोर सीलबंद डब्यातून ओता. रिकामा डबा त्याच्यासमोरच फोडा, म्हणजे त्यात बनावट माल भरला जाणार नाही.
- बिलावर ग्रेड, लिटर, मीटरचा आकडा आणि तारीख लिहा. वॉरंटीचा प्रश्न आला तर हाच कागद त्याच्या कामी येतो.
- ऑइल बदललं की रीसेट कराच. विसरलात, तर दिवा चुकीच्या वेळी लागेल आणि नाव तुमचं खराब होईल.
- काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. अधिकृत रिसायकलरलाच द्या.
- गिऱ्हाइकाचा वापर विचारा आणि *त्याच्या* तारखेला व्हॉट्सॲप करा. "दादा, तुमची गाडी गावातच फिरते, या आठवड्यात ऑइल बघून घेऊ." गाडीचा दिवा सगळ्यांना एकच आकडा सांगतो, तुम्ही प्रत्येकाला त्याचा आकडा सांगा. कंपनीच्या शोरूमसमोर टिकायचं तर हीच तुमची ताकद.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही करा. तीनच रकाने: मीटरचा आकडा, इंजिन उभ्याने किती तास चाललं, आणि डिपस्टिकची पातळी. दर सोमवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड. काडी काढा, पुसा, परत घाला, बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. खालीही नको आणि वरही नको. काम 5 मिनिटांचं.

चार सोमवार झाले की तुमच्या गाडीचा खरा आकडा तुम्हालाच कळेल, आणि तो दिव्यापेक्षा जास्त खरा असेल. दिवा बंद करा असं मी म्हणत नाही. तो असू द्या, विसरलात तर आठवण करून देईल. पण गाडीचा मालक कोण, हे वहीत दिसलं पाहिजे.

सोमवारी वही सुरू करा आणि पहिला आकडा लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.