आधी व्हॅन, मग खांब!

लाँग वीकेण्ड, हातात स्टिअरिंग, मागे मऊ गादी, इवलंसं किचन आणि तळ्याकाठी पार्क केलेली कॅम्पर व्हॅन… ऑफिसच्या स्क्रीनसेव्हरकडे बघत हे स्वप्न आपण सगळ्यांनीच पाहिलंय ना? मी ते ऑक्टोबरात इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये चक्क जगून आले. मँचेस्टरला आयटीत असलेला मावसभाऊ, वहिनी आणि मी. भाड्याची व्हॅन, तीन दिवस, एकदम फिल्मी माहौल!

पहिल्याच संध्याकाळी मात्र हीटर ठप्प, किटली गप्प.

झालं असं, की बाहेर धो धो पाऊस आणि आत कुडकुडणारे आम्ही. कॅम्पसाइटवर प्रत्येक जागेशेजारी विजेचा एक छोटा खांब असतो. निळ्या, जाडजूड, तीन पिनांच्या प्लगची केबल त्याला जोडायची, की व्हॅनमध्ये २३० व्होल्टचा सप्लाय सुरू. दोन तास हीटर मस्त चालला. मग वहिनीनं चहासाठी घरून आणलेली किटली लावली आणि मिनिटभरात खांबातला खटका पडला. दादानं तो वर केला. पुन्हा पडला. “थांब गं, अजून एकदा बघतो,” दादा म्हणाला. घरी एमसीबी पडला की आपण हेच करतो, नाही का?

तेवढ्यात कॅम्पसाइटचे मॅनेजर आजोबा टॉर्च घेऊन आले. ते खटक्याकडे गेलेच नाहीत. थेट व्हॅनखाली वाकले आणि आम्हाला म्हणाले, “हात लावून बघा.” आमची २५ मीटरची केबल तिथे नीट चकलीसारखी गुंडाळून ठेवलेली. खांब जवळच होता, मग उगाच पसारा कशाला, असा आमचा हिशेब. ती चकली चांगलीच गरम झाली होती!

पोटात गोळाच आला. रात्रभर आम्ही तिच्यावरच झोपणार होतो.

फण्डा साधा आहे. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या २५ मीटर केबलमधून १६ अ‍ॅम्पिअर करंट गेला, तर केबलमध्येच सुमारे ९० वॅटची उष्णता तयार होते. म्हणजे घरातला जुना, पिवळा १०० वॅटचा बल्बच जणू. केबल पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत विरून जाते. गुंडाळलेली असेल तर आतल्या आत साठते आणि वरचं आवरण वितळू शकतं. गंमत म्हणजे खटक्याला ही गुंडाळी दिसतच नाही! तो फक्त करंट मोजतो. करंट मर्यादेत असला, तरी चकली तापत राहते.

आता खटका का पडला ते बघा. आमचा खांब १० अ‍ॅम्पिअरचा. १० गुणिले २३० म्हणजे २३०० वॅट. आमचा हीटर २००० वॅटचा आणि किटली ३००० वॅटची. बेरीज तुम्हीच करा! म्हणूनच व्हॅनवाले १००० वॅटच्या आसपासची छोटी किटली ठेवतात. चहा उशिरा होतो, पण होतो.

आजोबांनी आम्हाला सगळा क्रम पुन्हा शिकवला. कापून ठेवा:

• व्हॅनमधलं सगळं आधी बंद. केबल पूर्ण उलगडून तपासा. कुठे चीर असेल तर ती वापरू नका.

• केबल आधी व्हॅनला, मग खांबाला. काढताना उलटं, आधी खांब. म्हणजे हातातल्या टोकात करंट नसतो.

• व्हॅनमधल्या आरसीडीचं टेस्ट बटण दाबा. आपल्याकडे याला सर्रास ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिअ‍ॅम्पिअर करंट गळला, तरी ते सप्लाय तोडतं. दाबूनही पडलं नाही, तर वीज वापरू नका.

• जोड चिखलात नको, केबल रस्त्यावर आडवी नको.

• खटका पडला, तर आधी उपकरणं बंद करा, मग एकदाच वर करा. पुन्हा पडला तर मॅनेजरला हाक मारा.

• निघताना व्हॅनभोवती एक प्रदक्षिणा. केबलसकट गाडी हाकू नका, बॉस!

“पण मी कुठे इंग्लंडला चाललोय?” असं म्हणताय? महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या तुम्हीही कोकणात एखाद्या रिसॉर्टच्या अंगणात व्हॅन लावाल आणि कुणीतरी प्रेमानं खिडकीतून वायर सोडेल. प्लग नसेल, तर काडेपेटीच्या काड्या खुपसून उघड्या वायरी सॉकेटमध्ये बसवणारे आपण! तेव्हा लाजू नका. अर्थिंग आहे का, ईएलसीबी आहे का, पॉइंट किती अ‍ॅम्पिअरचा, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर “चालतंय हो” असं आलं, तर त्या रात्री व्हॅनच्या बॅटरीवरचे दिवे पुरे.

आम्ही ती रात्र एकटा हीटर लावून काढली. केबल गवतावर लांबलचक पसरलेली, आणि चहा गॅसवर. आल्याचा. सॉलिड झाला होता!