विश्लेषण : मंडईला विरोध करणाऱ्या फुल्यांचंच नाव मंडईला कसं मिळालं?

29 सप्टेंबर 2024 रोजी पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला. मंडई हे त्यातलं एक स्थानक. पिंपरी-चिंचवडहून निघालेला माणूस आता थेट भाजीबाजाराच्या दाराशी उतरतो. हा बाजार म्हणजे 1886 साली उभी राहिलेली महात्मा फुले मंडई. गंमत अशी, की ज्यांचं नाव तिला आहे, त्यांचाच ती बांधायला विरोध होता.

विरोध कशासाठी होता?

जोतिराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तेव्हा शहराची भाजी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर विकली जायची. पालिकेला छताखालचा बाजार हवा होता. फुल्यांचं म्हणणं होतं, इमारतीवर एवढा खर्च करण्यापेक्षा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या.

त्यांना बाजार कळत नव्हता, असं म्हणायची सोय नाही. घराण्याचा फुलांचा धंदा होता, आडनावही त्यावरूनच पडलं. त्यांनी स्वतः कंत्राटं घेतली, मांजरीला शेती केली. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी लिहिला तो 1883 मध्ये, म्हणजे मंडई उभी राहण्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी. माल पिकवणारा कर्जात आणि तो विकायला मनोऱ्याची इमारत, ही विसंगती त्यांना खटकली नसती तरच नवल.

मंडई झालीच. मधोमध अष्टकोनी गाभा, त्यावर उंच मनोरा आणि चहूबाजूंनी निघालेल्या लांबलचक पाखा. नाव मिळालं गव्हर्नर लॉर्ड रे यांचं : रे मार्केट. फुल्यांचं नाव आलं ते खूप नंतर, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं. त्याआधीच, 1924 मध्ये, मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला होता. विसर्जन मिरवणूक आजही तिथूनच निघते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे फुल्यांचंच नाव दिलं गेलं, पण तिथे विरोधाची अशी पार्श्वभूमी नाही.

मग आज प्रश्न काय आहे?

घाऊक व्यापार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. उरला तो किरकोळ बाजार, आणि तो पूर्णपणे रोजच्या गिऱ्हाइकावर चालतो. मेट्रोनं गर्दी वाढेल हे खरं, पण तुळशीबागेत खरेदीला आलेला प्रवासी दोन किलो बटाटे घेऊन परत मेट्रोत चढेलच, असं नाही. उलट स्थानकाजवळची जागा महाग होणार, हे मात्र जवळपास नक्की.

इमारत महापालिकेची आहे, गाळेधारक भाडेकरू. त्यामुळे इथे दुरुस्ती किंवा पुनर्विकासाची कुठलीही योजना आली, तर नकाशाच्या आधी विक्रेत्यांची यादी मागायला हवी : कोणाला किती जागा, किती भाड्यात आणि काम चालू असताना त्यांनी बसायचं कुठे.