पीएमपीच्या आधीचे 36 महिने

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाने पीएमपीचा क्लास लावलाय, हे गेल्या दोन-तीन वर्षांत मी बीडच्या आणि पुण्याच्या मुलांकडून इतक्या वेळा ऐकलं, की आता लिहायलाच हवं. क्लासवाल्याने 'शंभर टक्के पास'ची हमी दिलेली असते. फी हप्त्याने असते आणि पहिला हप्ता घरच्यांनी कुणाकडून तरी उसना आणलेला असतो. ही परीक्षा द्यायला तो मुलगा अजून पात्रच नाही, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. अमेरिकेत 1969 साली स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही परीक्षा घेते. चार वर्षांची पदवी असेल तर मागच्या 8 वर्षांतला 36 महिन्यांचा प्रकल्प चालवण्याचा अनुभव लागतो. पदवी नसेल, बारावी किंवा डिप्लोमा असेल, तर 60 महिन्यांचा. शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं 35 तासांचं शिक्षण. अनुभव नसलेल्यांसाठी त्याच संस्थेची सीएपीएम नावाची वेगळी परीक्षा आहे. तिला 23 तासांचं शिक्षण पुरतं. क्लासच्या जाहिरातींत तिचं नाव क्वचितच दिसतं. तिच्यात फारसं सुटत नसावं.

मी चौसाळ्याचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. पीएमपी मी दिली आणि पासही झालो, त्यामुळे ही परीक्षा फुकाची आहे असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. ज्यांनी अर्ज करू नये ते पैसे भरून बसतात, आणि ज्यांनी करायला हवा ते 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून फिरकतही नाहीत.

या दुसऱ्या गटाबद्दल आधी बोलतो, कारण त्यात आपली माणसं फार आहेत. अर्जात तुमच्या कार्डावर 'मॅनेजर' छापलंय का, हे पीएमआय बघत नाही. तुम्ही काम चालवलं का, हे बघते. काय करायचं ते ठरवलं, वेळापत्रक लावलं, माणसांत काम वाटलं, अडचण आली तेव्हा मार्ग काढला, शेवटी काम ग्राहकाच्या ताब्यात दिलं, हे सगळं केलं असेल तर हुद्दा सीनियर डेव्हलपरचा असो की साइट सुपरवायझरचा, तो अनुभव धरला जातो. माझ्या पहिल्या चार वर्षांत मी निम्म्याहून जास्त वेळ हेच करत होतो. पगाराच्या पावतीवर मात्र 'इंजिनिअर' एवढंच होतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं असंच असेल. काम लीडचं, हुद्दा आणि पगार खालचा.

असं का होतं यावर मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर रोज चर्चा होते आणि ती नेहमी एकाच वाक्यावर संपते: "नाव बघून कापतात." हा नुसता संशय नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा कमी बोलावणी आली. हे आकड्यांनिशी मांडलं गेलं आहे, त्यामुळे कुणी 'तुम्ही उगाच रडता' म्हटलं तर दबून जायची गरज नाही.

पण यातून आपल्याकडे एक चुकीचा निष्कर्ष निघतो. नाव आडवं येतं म्हणून नावापुढे आणखी तीन अक्षरं लावली की रस्ता मोकळा होईल, असं मुलांना वाटतं. सर्टिफिकेट म्हणजे तावीज नव्हे. ज्याने नाव बघून अर्ज बाजूला टाकायचं ठरवलंय, तो पीएमपी असली तरी टाकेल. फरक पडतो तो दुसऱ्या ठिकाणी. जिथे चाळणी आधी यंत्र लावतं आणि जागेच्या जाहिरातीत पीएमपी ही अट लिहिलेली असते, तिथे ही तीन अक्षरं नसली की अर्ज माणसाच्या हातात पोचतच नाही. आखाती देशांतल्या बांधकाम आणि तेल कंपन्यांच्या जाहिराती चाळून बघा, मग कळेल. सर्टिफिकेटचा उपयोग एवढाच आहे, पण तो खरा आहे. चौसाळ्यातल्या बऱ्याच घरांच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त परीक्षाशुल्क त्यासाठी भरायचं का, हे ज्याने त्याने आपल्या क्षेत्रातल्या जाहिराती बघून ठरवावं.

आता अभ्यासाकडे. मी दिली ती परीक्षा 2021 पासून लागू झालेल्या आराखड्याची. 180 प्रश्न, 230 मिनिटं, मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. एकेका प्रश्नाला साधारण 76 सेकंद. सुट्टीवर गेलात की मागच्या प्रश्नांकडे परत येता येत नाही. त्या आराखड्यात माणसं सांभाळण्याला 42 टक्के, कामाच्या प्रक्रियेला 50 टक्के आणि धंद्याच्या परिस्थितीला 8 टक्के वजन होतं. निम्मे प्रश्न जुन्या, आधी सगळं ठरवून मग काम करण्याच्या पद्धतीवर आणि निम्मे अजाइल किंवा मिश्र पद्धतीवर. हा आराखडा दर काही वर्षांनी बदलतो. अर्ज करण्याआधी चालू आराखडा पीएमआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, तो फुकट मिळतो. क्लासच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका.

प्रश्न पाठांतराचे नसतात. उदाहरणार्थ, काम संपायला दोन आठवडे उरलेत आणि ग्राहक नवी मागणी घेऊन आला. तुम्ही आधी काय कराल? आपल्या ऑफिसांत वाढलेल्या माणसाच्या तोंडी दोनच उत्तरं येतात: 'साहेबांना विचारतो' किंवा 'हो सर, करून देतो'. परीक्षेत बहुधा दोन्ही चुकतात. त्या मागणीने वेळ, पैसा आणि दर्जा यांवर काय परिणाम होईल हे आधी तपासायचं, मग ठरलेल्या वाटेने निर्णयाला न्यायचं, हे अपेक्षित उत्तर. टीममधले दोघं भांडत असतील तर आधी त्यांच्याशी बोलायचं, लगेच वर तक्रार न्यायची नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे इंग्रजी आडवं येतं असं वाटतं, पण खरी अडचण शब्दांची नसते. प्रश्नातलं 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'बेस्ट', 'एक्सेप्ट' यांपैकी कोणतं आहे हे न बघता उत्तर टिचवण्याची घाई नडते. मी प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचायचो, मग वरची गोष्ट. लांबलचक प्रश्नातला निम्मा पाचोळा आपोआप बाजूला व्हायचा.

आकडेमोडीची धास्ती घेणाऱ्यांसाठी गवंड्याच्या हिशोबाने सांगतो. घर बांधायचंय, 10 लाखांत, 10 महिन्यांत. 5 महिने झाले तेव्हा 5 लाखांचं काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात 4 लाखांचं झालं, आणि खर्च झाले 6 लाख. आता 4 ला 5 ने भागा, 0.8 येतात. म्हणजे काम मागे आहे. 4 ला 6 ने भागा, 0.67 येतात. म्हणजे टाकलेल्या प्रत्येक रुपयाचं 67 पैशांचंच काम पदरात पडलंय. याच चालीने चाललं तर घर 15 लाखांना पडेल. पुस्तकात याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. आमच्या गावातले जुने मिस्त्री हे कागदाशिवाय ओळखतात. फक्त घरमालकाला सांगत नाहीत.

घर बाजूला ठेवा, आपल्या जिल्ह्याच्या रेल्वेकडे बघा. अहमदनगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला. सुरुवातीचा अंदाज 353 कोटींचा. पुढे तो 4,805 कोटींवर गेला, म्हणजे साडेतेरा पटीहून जास्त. सप्टेंबर 2022 मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला. परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकी होता. जमीन ताब्यात यायची, केंद्र आणि राज्याने आपापला वाटा टाकायचा, दर वर्षीच्या तरतुदीची वाट बघायची, या सगळ्यात मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तिशीचं झालं. पीएमपीच्या पुस्तकात 'स्टेकहोल्डर' या शब्दावर पानंच्या पानं आहेत. ती कंटाळवाणी वाटली की मी हा मार्ग डोळ्यांपुढे आणायचो. कोण कुणावर अडून बसलं, कुणाच्या होकाराशिवाय पुढचं काम हलत नव्हतं, हे बीडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

आपल्याकडे हे ज्ञान नाही असं नाहीच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. कारखान्याकडून उचल घ्यायची, ती कोयत्यांत वाटायची, किती कोयते लागतील, किती गाड्या, कोण मध्येच सोडून जाईल, याचा अंदाज मुकादम हंगामाआधी बांधतो. त्या उचलीपायी मजुरांचं काय होतं हा फार कडू विषय आहे, त्यावर स्वतंत्र लेख लागेल. पण नियोजन म्हणून बघा. किंवा आपला बावर्ची घ्या. 500 माणसांच्या दावतीला तांदूळ किती, गोश्त किती, हे तो विडा चघळत सांगतो आणि वर अर्ध्या देगेचं सामान जास्तीचं आणायला लावतो. पुस्तकात त्याला जोखमीसाठीची राखीव तरतूद म्हणतात. बावर्ची म्हणतो, "वलीमे में खाना कम पड्या तो इज्जत जाती."

जागेचंही सांगायला हवं. परीक्षा घरून ऑनलाइन देता येते, पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबल मोकळं हवं, आणि समोरून कॅमेऱ्यातून कुणीतरी बघत असतं. चौसाळ्यातल्या आमच्या घरात चार तास बंद दाराआड बसायचं म्हणजे अर्ध्या गल्लीला नोटीस द्यावी लागेल. वीज गेली तर वेगळंच. मी पुण्याच्या परीक्षाकेंद्रात गेलो. तुम्हीही एसटीचं भाडं खर्चून केंद्रातच जा, एवढा माझा सल्ला. अभ्यास मी फजरनंतर केला, रोज दीड तास, साडेतीन महिने. रमजान मध्ये आला तेव्हा सहेरीनंतरचा वेळ सगळ्यात शांत मिळाला. शेवटच्या महिन्यात दर रविवारी पूर्ण 180 प्रश्नांची सराव परीक्षा. हा भाग सोडू नका. विषय येत असूनही तिसऱ्या तासाला डोकं बंद पडतं, आणि त्याला सरावाशिवाय इलाज नाही.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत. तो 8 वर्षांचा नियम पुन्हा वाचा. लग्न, बाळंतपण, बदली यात नोकरी सुटली आणि मधे वर्षं गेली, तर जुना अनुभव एकेका महिन्याने त्या 8 वर्षांच्या चौकटीबाहेर सरकत जातो. तीन वर्षं काम चालवून झालेल्या आपल्या कितीतरी बहिणी घरी बसल्या आहेत आणि 'पोरं मोठी झाली की बघू' म्हणतात. सर्टिफिकेट एकदा मिळालं की दर तीन वर्षांनी 60 पीडीयू, म्हणजे साधारण 60 तासांचं शिकणं दाखवून ते टिकवता येतं, आणि त्यातलं बरंच घरी बसून होतं. म्हणजे पात्रता हातात असताना परीक्षा देऊन टाकणं हे नोकरी सोडणाऱ्या बाईला नोकरी करणाऱ्या पुरुषापेक्षा जास्त फायद्याचं. घरच्यांनी सुनेच्या परीक्षेसाठी तीन महिने सकाळचा चहा स्वतः करून घ्यावा, हे आता मीच सांगू का?

आणि खोट्या अनुभवाबद्दल. 'तुम्ही फक्त फी भरा, अनुभव आम्ही लिहून देतो' असं सांगणारे आहेत. मलाही एकाने विचारलं होतं. पीएमआय काही अर्ज तपासणीसाठी निवडते. मग पदवीच्या प्रती, 35 तासांचा दाखला आणि तुमच्या कामाला दुजोरा देणाऱ्या वरिष्ठांच्या सह्या मागते. तिथे पकडले गेलात तर पैसे जातात, नावही जातं. पण पकडले गेला नाहीत तरी काय? जबाबदारी, आदर, न्याय्य वागणूक आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्यं असलेली आचारसंहिता मान्य आहे म्हणून तुम्ही खूण करता, त्याच अर्जात खोटं लिहून. शिवाय ज्याच्या नावाकडे आधीच संशयाने बघितलं जातं, त्याने तो संशय खरा करून दाखवायचा, त्याचा भार पुढच्या आसिफ-शबानावर पडतो. मला हे हरामखोरीइतकंच वाईट वाटतं आणि मी ते सौम्य शब्दांत सांगणार नाही.

म्हणून आज नोकरीत असलेल्यांना माझं सांगणं एवढंच आहे: परीक्षेचं नंतर बघा, आधी एक वही घाला. कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपलं, किती माणसं होती, तुम्ही नेमकं काय ठरवलंत, वरिष्ठ कोण होते. कंपनी सोडताना त्यांचा फोन नंबर आणि खासगी ईमेल घेऊन निघा. माझा मामेभाऊ दोह्यात साइट सुपरवायझर आहे. डिप्लोमा झालेला, पाच वर्षांपेक्षा जास्त काम, म्हणजे 60 महिन्यांच्या अटीत बसतो. अभ्यास त्याचा होत आलाय. अर्ज अडलाय तो पहिल्या साइटवर. तिथला फोरमन केरळला परत गेलाय, आणि गेले तीन आठवडे मामेभाऊ त्याचा नंबर शोधतोय.