आयातीचे दार आणि दाराशी बसलेला दलाल



१९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी मुदत सांगितली ३० सप्टेंबरची, मग ती वाढवून ३१ डिसेंबर केली. आपला कापूस घरात येतो, नेमके ते महिने धरून. त्याचा आपल्या भावावर काय परिणाम होतो ते आपण मेळाव्यात बोललोच आहोत. आज त्यातली दुसरी गोष्ट बोलायची आहे. अधिसूचना निघाली तेव्हा गिरणीवाला तयार होता. त्याच्याकडे आयात-निर्यात क्रमांक होता, बँकेत पत होती, बंदरावर माणूस होता. आणि आपल्या एखाद्या गटाला परदेशातून वेचणीचे यंत्र मागवायचे झाले, तर आपण तालुक्याच्या गावी कोणा एजंटापुढे हात जोडून उभे राहतो आणि तो दाखवील तिथे सही करतो.

काही शहाणे म्हणतात, शेतकऱ्याने या भानगडीत पडूच नये. का पडू नये? १९४७ च्या कायद्याखाली आयात म्हणजे दिल्लीच्या कचेरीची मेहेरबानी होती. १९९२ च्या परदेशी व्यापार कायद्यानंतर बहुतेक यंत्रांना परवान्याची गरज उरली नाही. आज शेतकरी उत्पादक कंपनीला ५०० रुपये भरून ऑनलाइन आयात-निर्यात क्रमांक मिळतो. वेचणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, हे दुखणे आपले आहे. त्याचे औषध जगात कुठे मिळत असेल तर ते आणण्याचा हक्कही आपला आहे. कायद्याने दार उघडले, पण दाराशी दलाल बसला आहे. आपल्याला कागद वाचता येत नाही, यावरच त्याचे पोट चालते.

त्याचा पहिला डाव क्रमांकाचाच. “तुमच्या कंपनीचा क्रमांक द्या, बाकी सगळे आम्ही पाहतो.” भावांनो, सातबारा कोणाला वापरायला देता का? कस्टम्सच्या लेखी ज्याचा क्रमांक, तो आयातदार. त्यावर दुसऱ्याचा माल आला, किंमत खोटी निघाली, तर नोटीस तुमच्या गावी येते, एजंटाच्या नाही. “बिलावर किंमत कमी लिहू, शुल्क वाचेल,” हे बोलणे त्याच जातीचे. १९६२ च्या कस्टम्स कायद्याने असा माल जप्त होतो, वर दंड बसतो. माल वाटेत बुडाला तर विमा कंपनीही कागदावरची कमी किंमत धरूनच पैसे मोजते.

आता यंत्राबद्दल. आम्ही शेतीशास्त्र शिकलो ते यासाठी की परदेशी चित्रफीत पाहून कोणी भुलू नये. अमेरिकेतला मोठा वेचणी यंत्राचा तांडा सरळ ओळीत, एकसारख्या उंचीच्या, औषधाने पाने गाळलेल्या आणि एकदम फुटलेल्या कापसात चालतो. आपल्या कोरडवाहू रानात फरदड सोडली तरी तीन-चार वेचण्या होतात, एकाच झाडावर फुटलेले बोंड आणि हिरवी कैरी शेजारी असते. हातात धरायचे बॅटरीचे यंत्र स्वस्त असते, पण सरकीबरोबर पाला ओढते, आणि कचरा वाढला की जिनिंगवाला भाव पाडायला मोकळा. ज्वारीच्या कडब्यासाठी विजेचे कुट्टी यंत्र मागवणाऱ्यांनी मोटारीची पाटी विचारावी. आपली वीज ५० हर्ट्झची. ६० हर्ट्झवर बनवलेली मोटार इथे एक षष्ठांश हळू फिरते, आणि मग “यंत्रात दम नाही” म्हणून आपण कपाळाला हात लावतो. म्हणून आधी एकच नग, सुट्या भागांसह मागवावा. तो आपल्या रानात एक हंगाम चालवावा. दहा नगांची सूट नंतर मागता येते.

किमतीचा घोळ सर्वांत मोठा आहे, तिथे सावकाश जाऊ. कोटेशनवर दोनपैकी एक शब्द असतो, एफओबी किंवा सीआयएफ. एफओबी म्हणजे त्यांच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा, पुढचे भाडे आणि विमा आपला. सीआयएफ म्हणजे आपल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा किमतीत धरलेला. ऐकायला दुसरे सोयीचे वाटते. पण दोन्हींत माल त्यांच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम आपली होते, आणि सीआयएफमधला विमा वेगळे ठरवले नसेल तर कमीत कमी संरक्षणाचा असतो. दुसरे असे की, छोटा माल पूर्ण कंटेनर भरत नाही, तो इतरांच्या मालाबरोबर येतो. अशा मालाचे सीआयएफ भाडे कधीकधी जवळजवळ फुकट दाखवतात आणि इथे पोचल्यावर वसुली सुरू होते. डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे, कागदांचे पैसे, गोदामाचे, हाताळणीचे. आडत्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, कडता कसे निघत जातात ते तुम्हाला सांगायला नको. ही तीच पट्टी, फक्त इंग्रजीत. म्हणून पहिल्या खेपेला एफओबी दर घ्यावा, वाहतूकदार आपण नेमावा आणि न्हावा शेव्यापासून गावापर्यंतचा प्रत्येक आकार आधी लेखी मागावा. लेखी न देणाऱ्याला सोडून द्यावे.

शुल्काचे गणित असे. समजा भाडे-विम्यासह किंमत १० लाख, मूळ शुल्क साडेसात टक्के. ते झाले ७५,००० रुपये. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ७,५००. या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे १०,८२,५०० वर, ५ टक्के आयजीएसटी धरला तर ५४,१२५. एकूण १,३६,६२५ रुपये. खरा दर मालाच्या एचएसएन कोडवर ठरतो. तो कोड विकणाऱ्याने सांगितला म्हणून धरू नये, कस्टम ब्रोकरकडून पैसे पाठवण्याआधी तपासून घ्यावा. आयजीएसटीची वजावट नोंदणी असलेल्यालाच मिळते. सुट्या शेतकऱ्याला तो खर्चच आहे, आणि खत, अवजारे, औषध यांवर कर भरून कापूस विकताना तो परत न मिळण्याची ही आपली जुनीच कहाणी.

पैसे कसे द्यायचे? चिनी व्यापारी बहुधा ३० टक्के आगाऊ मागतो आणि उरलेले माल निघण्याआधी. सगळी रक्कम आगाऊ कधीही पाठवू नये. उरलेले पैसे यंत्र चालू करून पाहिल्यावर आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत हाती आल्यावर. रक्कम मोठी असेल तर बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट घ्यावे, पण त्याबद्दल भाबडेपणा नको. बँक कागद तपासते, माल नाही. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत तसे स्पष्टच आहे. कागद बरोबर असले तर खोक्यात दगड असले तरी बँक पैसे देते. म्हणून जहाजावर चढण्यापूर्वी तिऱ्हाइताकडून तपासणी, आणि तिचा दाखला लेटर ऑफ क्रेडिटच्या कागदांत आवश्यक म्हणून लिहून घ्यावा. आणखी एक फसवणूक अलीकडे फार चालते. शेवटच्या आठवड्यात ईमेल येतो, “आमचे बँक खाते बदलले आहे.” पत्ता एका अक्षराने वेगळा असतो. जुन्या फोन क्रमांकावर बोलून खात्री झाल्याशिवाय एक रुपया हलवू नये.

बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते, हा सर्वसाधारण नियम. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये, शिवाय गोदामाचे भाडे वेगळे. मूळ कागद कुरियरमध्ये अडकले तरी हे मीटर चालूच राहते. लाकडी पेटीवर कीडमुक्तीचा शिक्का, म्हणजे आयपीपीसीची खूण, हवी. ती नसेल तर माल अडतो. हा नियम आम्हाला मान्य आहे. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले, ते परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात, आणि आज कोणाच्या बांधावर ते नाही? म्हणूनच बियाण्याचे पाकीट पोस्टाने मागवण्याचा मोह कोणी करू नये. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे बियाण्याला आयात परवाना आणि त्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. २०२० मध्ये न मागवलेली बियाण्याची पाकिटे टपालाने येऊ लागली तेव्हा कृषी मंत्रालयाला राज्यांना सावध करावे लागले होते.

ज्या गटांकडे कोटेशन आले आहे, त्यांनी पुढच्या जिल्हा मेळाव्यात प्रोफॉर्मा, एचएसएन कोड, मोटारीच्या पाटीचा फोटो आणि एजंटाने दिलेला प्रत्येक कागद घेऊन यावे. जेवणानंतरच्या बैठकीत एकेक कागद सर्वांसमोर मोठ्याने वाचू. आगाऊ रक्कम त्याआधी पाठवू नये.