हौसेला मोल नाही?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'हौसेला मोल नाही' असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. खेळाच्या बाबतीत तर ही म्हण आपल्या फारच आवडीची. खरा खेळाडू हौसेखातर खेळतो आणि पैशासाठी खेळणारा धंदा करतो, अशी आपली समजूत. मला मात्र वाटते की, खेळाला ही म्हण ज्याने पहिल्यांदा लावली त्याचे पोट भरलेले असावे.

धंदेवाईक खेळाचा इतिहास काय सांगतो? अमेरिकेत १८६९ साली सिनसिनाटी शहराच्या 'रेड स्टॉकिंग्ज' या बेसबॉल संघाने आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे पगार दिला. त्यापूर्वीही पैसे दिले जात, पण चोरून. १८७६ मध्ये 'नॅशनल लीग' स्थापन झाली. पुढच्याच वर्षी लुईव्हिल संघाच्या चार खेळाडूंना सामने विकल्याबद्दल कायमचे काढून टाकण्यात आले. तेव्हा पैशाने खेळ नासतो, हे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु खेळ नासवणारी दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती पैशाहून जुनी आहे.

१८८४ च्या हंगामात टोलेडो संघाकडून मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय तरुण खेळला. तो ओबर्लिन कॉलेजात शिकलेला. आपल्या यष्टिरक्षकासारखी त्याची जागा, ती संघाने त्याला पगार देऊन दिलेली. मागे बसून कोणता चेंडू टाकायचा याची खूण त्याने करायची आणि फेकणाऱ्याने त्याप्रमाणे फेकायचा, असा त्या खेळाचा रिवाज. पण त्याच्याच संघातला टोनी मुलेन त्याच्या खुणांकडे बघतच नसे. आपण काम केलेल्यांत वॉकर सर्वांत चांगला होता, पण कृष्णवर्णीय माणूस आपल्याला नको होता, अशी कबुली मुलेनने पुढे स्वतःच दिली. विचार करा, कोणता चेंडू येणार हे माहीत नसताना तो झेलायचा! तीन वर्षांनी, १८८७ मध्ये, एका लीगने ठरावच केला की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. मोठ्या लीगचे दार त्यांना पुन्हा उघडले ते १९४७ साली, जॅकी रॉबिन्सनसाठी.

हे सातासमुद्रापलीकडचे झाले. त्याच काळात आपल्या पुण्यात काय चालले होते? चर्मकार समाजातले पळवणकर बाळू हे आधी एका पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर आणि नंतर गोऱ्यांच्या क्लबात ४ रुपयांवर नोकरीला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबलोकांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा कप्तान बाद झाला की दर वेळी त्यांना आठ आणे देई, असे सांगतात. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. मुंबईत आल्यावर त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. एवढे करूनही संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

मित्रहो, अपमान त्या ४ रुपयांत होता का? मला तसे वाटत नाही. त्या ४ रुपयांनीच त्यांच्या हातात रोज चेंडू दिला. केवळ हौसेने खेळणाऱ्यांनाच मैदानात प्रवेश असता, तर बाळू मैदानाच्या कुंपणापर्यंतही पोचले नसते. पगार घेतला म्हणून माणूस हलका होत नाही. त्याला वेगळ्या भांड्यात चहा देणारा हलका होतो. वॉकरच्या बाबतीतही हेच झाले. त्याचा पगार कोणाला बोचला नाही, त्याची बरोबरी बोचली.

आता आपल्याकडे वळू. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील एका मैदानावर माळी आहेत. रोलर, पाणी, चुन्याच्या रेषा हे त्यांचे रोजचे काम. त्यामुळे खेळातले नोकर आणि खेळातले खेळाडू यांच्यामधले अंतर मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्या वर्गात भांडुपचा एक डावखुरा गोलंदाज आहे. तो पहाटे मुलुंडच्या इमारतींत वर्तमानपत्रे टाकतो. सराव असतो साडेसहाला, म्हणजे नेमका त्याच्या कामाच्या वेळी. गेल्या वर्षी त्याने संघ सोडला. खेळाडूंना प्रवासखर्च आणि नाश्ता मिळावा, असे काही मुलांनी सुचवले, तेव्हा उत्तर मिळाले, "खेळाला पैशाची सवय लावू नका." सवय लागेल की नाही, मला ठाऊक नाही. एक चांगला गोलंदाज मात्र गेला.

मी कोणाला लाखांचे करार द्या म्हणत नाही. संघातल्या प्रत्येक मुलाला लोकलचा पास आणि सरावानंतरचा नाश्ता जिमखान्याच्या निधीतून मिळावा. कामाला जाणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून दोन दिवस तरी सराव संध्याकाळी असावा. आणि या वार्षिकात संघाचे छायाचित्र दरवर्षी छापले जाते. पुढच्या वेळी त्यात मैदान राखणाऱ्या काकांसाठीही एक खुर्ची ठेवावी, मागच्या रांगेत नव्हे, पुढच्या. एवढे केले तर आपल्या हौसेला खरोखरच मोल नाही, असे मी आनंदाने म्हणेन.