आधी वाचा, मग सही!

"वैनी, मी तर एक पैसा काढला नाही. मग माझे पैसे गेले कुठे?" आमच्या बचत गटातली एक ताई पासबुक पुढे धरून विचारत होती. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे विकून ती चार पैसे गाठीला बांधते. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणजे तिची कमाईही बंद. नेमकी तेव्हाच खात्यातली शिल्लक उतरली आणि बँकेने किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला. सगळे मिळून 2,400 रुपये!

आम्ही दोघी बँकेत गेलो. बरीच बोलाचाली झाल्यावर साहेब म्हणाले, "900 परत देतो. ही नुसती पैसे मिळाल्याची पावती, सही करा." कागद इंग्रजीत. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मीच म्हटलं, "घे, मिळतायत तेवढे पदरात पाडून." घरी येऊन झेरॉक्स वाचली, तर त्यात लिहिलेलं, 'आता माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.' बी.ए. झालेल्या बाईने तो कागद आधी वाचू नये? स्वतःचीच लाज वाटली.

मैत्रिणींनो, रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायचं आणि ती भरायला एक महिना द्यायचा. दंडही जेवढे पैसे कमी, त्या प्रमाणातच. ताईला ना एसएमएस आला, ना पत्र. म्हणजे 900 ही मेहेरबानी नव्हती, तिच्याच पैशांचा तुकडा होता.

मग उरलेले 1,500 बुडाले का? कमी रकमेत आपण राजीखुशीने हिशेब मिटवला, तर करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बाकीची मागणी सुटते. पण 1999 साली एका विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा पावतीवर नुसती सही केल्याने ग्राहकाचा हक्क संपत नाही. मात्र ती सही फसवून, दबावाने किंवा खोटं सांगून घेतली, हे ग्राहकाला दाखवावं लागतं. वाट आहे, पण चढणीची.

आम्ही बँकेला लेखी अर्ज दिला, 'कागदाचा खरा अर्थ सांगितला नव्हता, बाकी रक्कम द्या.' शिक्क्यासह पोच घेतली. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. तिथे फी नाही, वकील नको. चौकशीसाठी फोन 14448.

तुमच्यावर अशी वेळ आली तर मिळणारे पैसे नाकारू नका. पण सहीच्या वर मराठीत लिहा, 'ही रक्कम अंशतः मिळाली, उरलेली मागणी कायम आहे.' आणि शिल्लक राखणं जमत नसेल, तर बेसिक बचत खातं मागा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला, पण सगळ्याच बँकांनी नाही.

ताईचे 1,500 मिळतील की नाही, आज सांगता येत नाही. पण परवा गटाच्या बैठकीत मी रजिस्टर पुढे केलं, तर ती म्हणाली, "वैनी, आधी वाचून दाखवा."

मी मुकाट्याने वाचून दाखवलं.